टोपलीचं सरासरी वजन

जगात गोळा करण्याजोग्या वस्तू पुष्कळ आहेत. पण त्या कोणत्या क्रमाने गोळा कराव्यात याविषयी अद्याप कोणत्याही स्तरावर निश्चित धोरण नाही. माणूस बाजारात जातो, आधी टोमॅटो घेतो, मग त्यांच्यावर कलिंगड ठेवतो, आणि घरी आल्यावर दोष टोमॅटोवाल्याला देतो. ही धोरणात्मक पोकळी भरून काढण्याचं काम जव्हारच्या एका तरुणाने स्वतःहून अंगावर घेतलं, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. (नोंद घेतली गेली नाही.)

हा तरुण म्हणजे हेमंत. वय तेवीस, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. वडील शिक्षक, काका कारकून, आत्या अंगणवाडीत पर्यवेक्षिका. त्यामुळे त्यांच्या घरात तोंडी सांगितलेली गोष्ट घडली असं सहसा कोणी मानत नाही. हेमंत बारावीला केंद्रात दुसरा आला होता आणि बी.एस्सी.ला विभागात दुसरा. दोन्ही वेळा आबांनी, म्हणजे वडिलांनी, निकालाचा कागद चष्मा लावून वाचला, 'छान' असं म्हटलं आणि पहिल्याचं नाव विचारलं. दोन्ही वेळा हेमंतने ते सांगितलं. दोन्ही नावं त्याला अजून तोंडपाठ आहेत.

तेव्हा एकदा तरी, कशात तरी, पहिलं यायचं असं त्याने ठरवलं. क्षेत्र निवडलं ते 'टॉबिन' नावाच्या व्हिडिओ गेमचं.

हा गेम थंड हवेच्या कुठल्याशा देशातल्या दोन भावांनी तयार केला. त्यात टॉबिन नावाचा एक काटेरी प्राणी आहे. (तो साळिंदर नसून साळिंदराचा लांबचा नातेवाईक असावा, परंतु सोयीसाठी त्याची नोंद साळिंदर अशीच करण्यात आली.) टॉबिनचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. सकाळी तो पाठीला टोपली लावून निघतो, डोंगरभर उगवलेल्या एकशे आठ अळंब्या गोळा करतो आणि घरी येतो. त्याने आतून दार लावलं की गेम संपला. कोणी मरत नाही, कोणाला सोडवायचं नसतं. हेमंतच्या आईने एकदा दहा मिनिटं उभ्याने पाहिला आणि "हे तर कामच आहे," असं म्हणून ती स्वतःच्या कामाला निघून गेली.

सामान्य माणूस हा गेम मजा घेत चार-पाच तासांत पुरा करतो. परंतु मजा घेण्यात फार वेळ जातो हे ओळखलेले लोक जगात सर्वत्र आहेत. तोच गेम, तेच साळिंदर, त्याच अळंब्या, फक्त कमीत कमी वेळात, याला स्पीडरन म्हणतात. सबंध खेळ एका बैठकीत, न थांबता खेळायचा, त्याचा व्हिडिओ पाठवायचा, पाच परीक्षक तो तपासतात आणि मग तुमचं नाव इंटरनेटवरच्या एका फलकावर चढतं. फलकावर पहिलं नाव 'सूप' या टोपणनावाच्या व्यक्तीचं होतं. वेळ, एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद. हेमंत एकतीस जणांत तेविसावा होता. (खालच्या आठांत नऊ वर्षांची एक मुलगी होती आणि ती झपाट्याने वर येत होती.)

या कामाला मुदत होती. घरात लॅपटॉप एक आणि मुलं दोन. धाकट्या योगिताला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि दोन जुलैला आबांनी हातात लेखी कागदच दिला की, दिनांक बारा सप्टेंबरपासून सदर लॅपटॉप कु. योगिता हिच्याकडे वर्ग करण्यात येत आहे.

"दादा, बाराला सकाळी मी तो बॅगेत घालणार," योगिता म्हणाली. "तेव्हा तुझं साळिंदर डोंगरावर असलं तरी."

"चार्जरसकट?"

"चार्जरसकट."

हातात बहात्तर दिवस उरले.

कोणतंही काम व्यक्तीने केलं तर तो नाद ठरतो आणि मंडळाने केलं तर कार्य, हे लक्षात घेऊन हेमंतने जव्हार-मोखाडा स्पीडरन मंडळाची स्थापना केली. अध्यक्ष हेमंत, उपाध्यक्ष गोरख. तिसरी जागा महिलांसाठी राखीव होती. ती योगिताने लेखी नाकारल्यामुळे रिक्त. गोरख हा कॉलेजातला मित्र. खोडाळ्याला त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या माणसाचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव त्याला त्या माणसापेक्षा लवकर आठवतं. मंडळाच्या सभा शिरपामाळला भरत, कारण तिथे रेंज चांगली येते. सभा चालू असताना आलेल्या पर्यटकांनी दोघांकडून एकूण चौतीस फोटो काढून घेतले. इतिवृत्तात त्याची नोंद 'आयत्या वेळचे विषय' अशी आहे.

प्रथम सर्वेक्षण झालं. हेमंतने एकशे आठही अळंब्यांची जागा मोजून सहा आलेख कागद जोडून केलेल्या नकाशावर उतरवली. प्रत्येक अळंबीपासून प्रत्येक अळंबीचं अंतर काढलं. अशी अंतरं पाच हजार सातशे अठ्ठ्याहत्तर भरली. या अळंब्या एकूण किती वेगवेगळ्या क्रमांनी गोळा करता येतील, तोही आकडा काढला. तो लिहायला एकशे पंच्याहत्तर अंक लागतात. गोरखने त्याची मोठ्या आकारातली प्रत काढून दुकानात लावली. गिऱ्हाइकं अजून त्याला तक्रार नोंदवण्याचा क्रमांक समजतात.

अडचण एकच होती. टोपलीत अळंबी पडली की टोपलीचं वजन वाढतं आणि टॉबिनचा वेग तेवढा कमी होतो. म्हणजे वेग दर अळंबीला बदलणार आणि गणित हाताबाहेर जाणार. अशा प्रसंगी विज्ञानात एक जुना, सर्वमान्य उपाय आहे. जे बदलतं ते बदलत नाही असं समजायचं. टोपली निघताना रिकामी, परतताना भरलेली. म्हणून हेमंतने संपूर्ण प्रवासात ती अर्धी भरलेली आहे असं धरलं. याला सरासरी वजन म्हणतात. फलकावरच्या पहिल्या दहाही जणांनी असंच धरलं होतं, कारण त्यांतल्या पहिल्याने तसं धरलं होतं.

या आधारावर जो मार्ग निघाला तो दिसायला फार सुबक होता. घरातून निघायचं, जवळची अळंबी घ्यायची, मग तिच्या जवळची, असं करत पायथ्यापासून शिखरापर्यंत डोंगर झाडून नेल्यासारखा साफ करायचा आणि मग भरली टोपली घेऊन घरी. हेमंतने तो तीन रंगांत आखला. पण प्रत्यक्षात टॉबिन अर्ध्या डोंगरावरच धापा टाकायला लागे, आणि वेळ काही केल्या त्रेचाळीस मिनिटांच्या खाली येईना. हेमंतने याचं कारण 'हाताचा सराव अपुरा' असं नोंदवलं आणि सराव वाढवला.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकशे नव्वद प्रयत्न झाले आणि एकशे नव्वदही फसले. मंडळाने त्यांचं विश्लेषण करून अपयशाची नऊ कारणं निश्चित केली. ती पुढीलप्रमाणे:

– वीज गेली (लॅपटॉपची बॅटरी सोळा मिनिटं टिकते): ७१
– दारात कोणीतरी आलं आणि 'आबा घरी नाहीत' एवढंच सांगून भागलं नाही: ३८
– नळाला पाणी आलं म्हणून आईने हाक मारली: २९
– गेममधल्या घड्याळाकडे लक्ष जाऊन हात थरथरला: १७
– टॉबिन कड्यावरून पडला: १४
– छताची गळती जागा बदलून लॅपटॉपच्या वर आली: ९
– कोंबडी चार्जरच्या वायरीत अडकली: ६
– लॅपटॉपने न विचारता स्वतःची सुधारणा सुरू केली: ५

या कारणांवर उपाययोजनाही झाली. घड्याळाकडे लक्ष जाऊ नये म्हणून हेमंतने पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली. त्या कोपऱ्यात घड्याळ असतं, आणि त्याच्या खाली टोपलीत किती अळंब्या पडल्या याचा आकडा. दोन्ही झाकले गेले. हात थरथरायचा थांबला. बाकीच्या कारणांसाठी असं ठरलं की, अंतिम प्रयत्न जव्हारला न करता खोडाळ्याला गोरखच्या दुकानात करावा; तिथे इन्व्हर्टर आहे आणि कोंबडी नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, हेमंत नकाशा घेऊन एस.टी.ने खोडाळ्याला गेला. दुकानात जमिनीवर नकाशा पसरून दोघे त्याच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसले होते. तेवढ्यात पावसाची सर आली आणि पायरीवर भाजी विकायला बसलेली रामी टोपली उचलून आत आली. रामी पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरची, पन्नाशी ओलांडलेली. नाचणी पिकवते, आणि पावसाळ्यात रानातली भाजी आणि अळंबी बाजाराला आणते. तिच्या टोपलीत पळसाच्या पानांत बांधलेले अळंब्यांचे चार वाटे शिल्लक होते.

तिने नकाशा जरा वेळ पाहिला.

"ह्यो डोंगर कुठला?"

"खरा नाही, मावशी. गेममधला आहे," हेमंत म्हणाला.

"हां. आन् ही टिपकी?"

"अळंब्या. एकशे आठ."

"एका डोंगराला एकशे आठ." रामीने मान हलवली. "पाऊस बरा झाला त्यांच्याकडं." मग ती खाली वाकली. "ही लाल, वर पांढरी नक्षी. ही इखारी. ही नाय घ्यायची."

"गेममध्ये विषारी काही नसतं."

"खाऊन कोण आलाय सांगाया?"

हेमंतने हा प्रश्न परिशिष्टात टाकला. रामीने तीन रंगांच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हितनं निघाला. ही काढली, ही काढली, ही काढली. मंग वर चढला?"

"हो."

"टोपली भरून?"

"अर्धी भरून," हेमंत म्हणाला, आणि तिला समजावं म्हणून सावकाश सांगितलं, "निघताना रिकामी असते, येताना भरलेली. म्हणून आपण मधलं वजन धरतो. पूर्ण वाटेला एकच."

रामीने हे नीट ऐकून घेतलं.

"मंग चढताना रिकामीच का नाय नेत?"

झेरॉक्स मशिनवर कोणाच्या तरी आधार कार्डाच्या दोन प्रती काढायच्या होत्या. गोरखचं बोट बटणावरच राहिल्यामुळे अकरा निघाल्या.

"खालच्या अळंब्या खालीच ऱ्हातात," रामी म्हणाली. "पळून जात नाय. येताना घ्यायच्या. उतरताना वजन बरं, पाय आपसूक पडतो. तू तर त्याला हमाल केलास, पोरा."

गोरख म्हणाला, "हेम्या, तुझी डिग्री दे जरा. झेरॉक्स काढून विद्यापीठाला परत पाठवू."

हेमंतने पेन्सिल उचलली आणि रामीला मार्ग दाखवायची विनंती केली. रामीने पाऊस थांबायच्या आत तो दाखवला. पाण्याच्या अंगाने, सावलीतून, मोकळी टोपली घेऊन थेट माथ्यावर. तिथून वळसे घेत खाली. घराजवळच्या सगळ्यांत शेवटी. तिचं बोट पुढे आणि हेमंतची पेन्सिल मागे. धबधब्याजवळ ते बोट थांबलं आणि मग पुढे गेलं. हेमंतने वहीत लिहिलं, 'धबधबा: थांबा, अंदाजे दीड सेकंद, कारण अज्ञात.' नंतर मार्ग स्वच्छ लिहून काढताना त्याने हा थांबा अनावश्यक म्हणून वगळला आणि दीड सेकंद वाचवला.

मंडळाच्या पुढच्याच सभेत रामीची तज्ज्ञ सदस्य म्हणून एकमताने निवड झाली. तिला कळवण्यात आलं. तिने अळंबीचा एक वाटा घेणार का विचारलं.

नव्या मार्गाचे हेमंतने बारा टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा सराव केला. टप्प्यांचे वेळ त्याने सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले आणि तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा अडतीस मिनिटं दहा सेकंद. अळंब्यांची बेरीज करण्याचा प्रश्न नव्हता. त्या एकशे आठ होत्या. ही राशी स्थिरांक होती.

सप्टेंबरची नऊ तारीख बाजाराची होती आणि लॅपटॉप वर्ग व्हायला तीन दिवस होते. गोरखने दुकानाच्या दाराला 'सर्व्हर बंद आहे' अशी पाटी लावली. ही पाटी आपल्याकडे फार मानतात. बाहेर रांगेत सतरा माणसं होती. एकाही माणसाने एक शब्द विचारला नाही, सगळी खाली बसली. मात्र बंद सर्व्हर कसा दिसतो याची उत्सुकता प्रत्येकालाच असते, त्यामुळे पाचव्या मिनिटाला त्यांतली अकरा माणसं आत येऊन हेमंतच्या मागे उभी होती. रामी सगळ्यांत पुढे, टोपली मांडीशी घेऊन बसली होती.

टॉबिन मोकळी टोपली घेऊन डोंगर चढला. पायथ्याच्या अळंब्यांकडे त्याने पाहिलंही नाही. दहाव्या मिनिटाला तो शिखरावर होता.

"दम खाऊ द्या त्याला जरा," मागून कोणीतरी म्हणालं.

"बोलू नका हो, साहेबांचा सर्व्हर जुळतोय."

"तो उंदीर काय घेऊन चाललाय?"

"उंदीर नाय. साळिंदर."

"साळिंदर दोन पायांवर?"

"शिकलेलं असंल."

हेमंतला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या कानात फक्त टप्पे होते. सातवा संपला, आठवा लागला. धबधबा डाव्या हाताला ठेवून टॉबिन थेट खालच्या वळशाला लागला. मागे रामीने एकदा समाधानाने हुंकार दिला. वीज एकविसाव्या मिनिटाला गेली, इन्व्हर्टर लागला. बाहेर रांगेतल्या कोणीतरी ओरडून सांगितलं की लाईट गेली, आता सर्व्हर नक्कीच येत नाही. आतल्या अकरा जणांनी त्याला एकसाथ गप्प केलं. बारावा टप्पा आला. टॉबिनची टोपली आता इतकी वर आली होती की मागून त्याचे काटे दिसत नव्हते. उतारावर तो धावत नव्हता, पडतच होता, पण योग्य दिशेला. अंगण आलं. उंबरा आला. टॉबिनने आतून दार लावलं.

गोरखने मोबाईलवरचं घड्याळ थांबवलं.

"अडतीस शून्य चार," तो म्हणाला. "अध्यक्ष, सूपच्या पुढे, तीन मिनिटं आठ सेकंदांनी."

अकरा माणसांपैकी नऊंनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या दोघांनी आता उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरता येईल का विचारलं. हेमंतने पडद्याच्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी काढली. घड्याळात ३८:०४ होतं. त्याच्या खाली १०७/१०८.

हेमंतने पट्टी परत लावली. मग परत काढली. निरीक्षण दुसऱ्यांदा केलं तरी तेच आलं.

"एक राहिली," गोरख हळूच म्हणाला.

"राहिली नाय," रामी म्हणाली. "ठेवली. पाण्याच्या मागची. थोरली."

हेमंत तिच्याकडे वळला. "ठेवली म्हणजे?"

"बियाला." रामीच्या आवाजात नवल होतं, शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागतंय याचं. "सगळीच्या सगळी कोण काढतं? एक थोरली ठेवायचीच. नायतर पुढल्या साली काय उगवंल?"

"मावशी, हा गेम आहे. त्यात उगवत नाहीत."

"मंग परत खेळलास तर डोंगर रिकामा आसतोय?"

"नाही. परत सुरू केला की एकशे आठच्या एकशे आठ असतात."

"मंग कुणीतरी ठेवतंय," रामी म्हणाली, आणि टोपली उचलून पायरीवर जाऊन बसली. बाजार अजून दोन तास होता.

या युक्तिवादात चूक कुठे आहे हे शोधायला हेमंतने दोन दिवस दिले. अद्याप सापडलेली नाही.

दुसरा प्रयत्न का केला नाही, असा प्रश्न कोणी विचारील. जव्हारला पुढच्या तीन दिवसांत वीज सलग चाळीस मिनिटं एकदाही राहिली नाही. खोडाळ्याला शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली आणि गोरखने सांगितलं की त्या पाटीचा वापर महिन्यातून एकदाच करावा, नाहीतर लोकांचा सर्व्हरवरचा विश्वास उडेल. बारा तारखेला सकाळी योगिताने लॅपटॉप बॅगेत घातला. चार्जरसकट. कोपऱ्यावरची पट्टी तिने काढली नाही. म्हणाली, जाताना काहीतरी खूण असू दे.

जाण्यापूर्वी व्हिडिओ तेवढा फलकाकडे रवाना झाला होता. चार दिवसांनी उत्तर आलं. प्रवर्ग, 'सर्व अळंब्या'. निर्णय, नामंजूर. कारण, सर्व नाहीत.

हेमंत तो निरोप मोबाईलवर घेऊन दुकानात गेला आणि स्टुलावर बसून राहिला. गोरखने निरोप वाचला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कामाची आखणी होती. त्याच्या दुकानातून गेलेला एकही अर्ज आजवर कायमचा नामंजूर झालेला नाही.

"हेम्या, नामंजूर अर्ज असा काही प्रकारच नसतो," तो म्हणाला. "चुकीच्या रकान्यात खूण केलेला अर्ज असतो."

त्याने परीक्षकांना रीतसर विनंतीपत्र लिहिलं. विषय, 'बियाण्याला एक' या नावाने नवीन प्रवर्ग निर्माण करणेबाबत. सोबत कागदपत्रं अकरा, ज्यांत रामीच्या अनुभवाचा दाखला (स्वसाक्षांकित, अंगठा) होता. पाच परीक्षक पाच देशांत राहतात आणि त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. इतक्या क्रमवार लावलेले कागदही त्यांनी पाहिले नव्हते. तीन विरुद्ध दोन मतांनी प्रवर्ग मंजूर झाला. फलकावर नवं पान उघडलं आणि त्यावर एकच नाव आलं. क्रमांक एक, हेमंत, जव्हार, ३८:०४.

त्याने ते पान आबांना दाखवलं. आबांनी चष्मा लावून वरून खालपर्यंत वाचलं. खालपर्यंत जायला वेळ लागला नाही.

"पहिला," आबा म्हणाले. "एकूण किती?"

"सध्या एक."

आबांनी मोबाईल परत दिला. "वाट पाहू," ते म्हणाले.

वाट अकरा दिवस पाहावी लागली. मग सूपचा व्हिडिओ आला. सूपने नवा मार्ग जसाच्या तसा उचलला होता, मोकळ्या टोपलीसकट, आणि वेळ दिला होता ३८:०३. हेमंत त्या दिवशी दोनदा जेवायचं विसरला. परंतु परीक्षकांना एक शंका आली. सूपने पायथ्याची एक बारीक अळंबी मागे ठेवली होती. 'बियाण्याला एक' म्हणजे नेमकी कोणती एक? यावर दोनशेच्या वर प्रतिक्रिया पडल्या आणि दोन जणांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. अखेर परीक्षकांनी प्रवर्गाच्या मूळ प्रस्तावकांकडे, म्हणजे मंडळाकडे, अभिप्राय मागवला. मंडळाने तो तज्ज्ञ सदस्याकडे पाठवला. तज्ज्ञ सदस्य पायरीवर करटोली विकत होती.

"बारीक ठेवून काय उपेग," रामी म्हणाली. "थोरलीच ठेवायची. ज्याला थोरली सोडवत नाय त्यानं रानात जाऊ नाय."

गोरखने हे 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं वर घालून पाठवलं. सूपचा वेळ रद्द झाला. सूपने तक्रार केली नाही. थोरली अळंबी मागे ठेवून परत खेळून दाखवलं. पण त्या अळंबीसमोर तो (किंवा ती) थांबला, बहुधा मोह आवरायला, आणि वेळ आला ३८:०५. तो व्हिडिओ हेमंतने बारा वेळा पाहिला आणि थांबा मोजला. दीड सेकंद.

संध्याकाळी आबांनी पान पुन्हा मागून घेतलं. आता त्यावर दोन ओळी होत्या. दोन्ही त्यांनी वाचल्या.

"छान," आबा म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि दुसऱ्याचं नाव काय?"

"सूप," हेमंत म्हणाला.

आबांनी ते डायरीत लिहून ठेवलं.

हेमंतने आता तलाठी भरतीचा फॉर्म भरला आहे. (गोरखच्या दुकानातून, रकाना दोनदा तपासून.) मंडळ चालू आहे. जो माणूस पाच हजार सातशे अठ्ठ्याहत्तर अंतरं मोजतो आणि एकशे आठपर्यंत मोजत नाही, त्याला आपल्या भागात अजूनही हसतात, आणि इथवर आलेले वाचकही हसले असतील. हसावं. फक्त, मागे अपयशाची नऊ कारणं दिली आहेत असं सांगितलं होतं. दिली आहेत आठ. आकड्यांची बेरीजही एकशे नव्वद होत नाही, एकने कमी येते. नववं कारण राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. ज्यांच्या हे तेव्हाच लक्षात आलं त्यांची नावं मंडळाला कळवावीत. जे आत्ता वर जाऊन मोजून येतील त्यांचा वेळ धरला जाणार नाही.